जंगलाच्या दारातली रविवारची रांग

पावसाळ्यात बोरिवलीत दोन गोष्टी न लावता उगवतात: टाकळा आणि नॅशनल पार्कचा वाद. जुलैतला एखादा रविवार, रात्रभर पाऊस पडून गेलेला. मुख्य गेटवरची तिकिटाची रांग हायवेच्या कडेला येते, रिक्षावाले वळायला जागा मागत हॉर्न मारतात, आणि दुपारपर्यंत कुणीतरी दहिसर नदीच्या पात्रात अडकलेल्या वेफर्सच्या पुड्यांचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो. मग सुरू. एक गट म्हणतो, तिकीट पाचशे रुपये करून टाका, ही सगळी ‘पब्लिक’ आपोआप बंद होईल. दुसरा गट म्हणतो, पार्क काय कुणाच्या बापाचा आहे का, आम्हीही टॅक्स भरतो; उलट आत खाण्यापिण्याची जरा सोय करा, पोरांना खेळायला काहीतरी आणा, आहे काय तिथे नुसती झाडं? तिसऱ्या दिवशी पार्किंगचा विषय निघतो आणि जंगल पुढच्या जुलैपर्यंत सुटतं.

या भांडणात मला कुठल्याच बाजूने उभं राहता येत नाही, कारण दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट गृहीत धरली आहे: प्रश्न ‘माणसं किती’ हा आहे. एकाला ती कमी हवीत, दुसऱ्याला त्यांची बडदास्त हवी. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. शहराला खेटून असलेल्या जंगलात माणसांनी यावं, भरपूर यावं, आणि खिशात कमी पैसे असलेल्यांनी तर आवर्जून यावं. कारण हे जंगल राखायला शहराकडे आता त्याखेरीज दुसरं फारसं कारण उरलेलं नाही. मात्र आलेल्या प्रत्येकाने सगळीकडे जायचं नाही, आणि जिथे जायचं तिथे आपल्या पायांनी जायचं. एक कबुलीही आत्ताच देतो. माझ्याकडे सकाळच्या फेरीचा वार्षिक पास आहे. म्हणजे मी या वादातला पंच नाही, हितसंबंध असलेला माणूस आहे. तो हिशेब शेवटी करू.

गर्दीविरुद्ध जे बोललं जातं त्यातलं बरंचसं खरं आहे. गेटवर पिशव्या तपासल्या तरी प्लास्टिक आत जातं, कारण ते खिशात मावतं. माकडांना बिस्किटं टाकायची हौस फिटत नाही. मग तीच माकडं पोराच्या हातातली पिशवी ओढतात आणि आईबाप पार्कवाल्यांना शिव्या देतात. झऱ्याच्या काठावर ब्लूटूथ स्पीकर लावून बसलेली टोळकी मी पाहिली आहेत, आणि त्यांना दोन शब्द सांगून ऐकून घेण्याचा अनुभवही गाठीशी आहे. कायद्याचा मुद्दाही खोटा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात राष्ट्रीय उद्यान ही फार वरच्या दर्जाची राखीव जागा आहे, ती प्राण्या-झाडांसाठी आहे, आणि माणसाची करमणूक तिथे फार तर खपवून घेतली जाते. ‘उद्यान’ या शब्दाने आपला कायमचा घोटाळा केला आहे. उद्यान म्हटलं की डोळ्यांसमोर झोपाळा, कारंजं आणि भेळ येते. प्रत्यक्षात मुंबई आणि ठाण्याच्या मधोमध असलेलं हे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं रान आहे, आणि २०१८ च्या कॅमेरा ट्रॅपच्या पाहणीत या रानात व त्याच्या आसपास ४७ बिबटे मोजले गेले. जगात इतक्या दाट वस्तीच्या कुशीत इतके बिबटे दुसरीकडे दाखवणं कठीण.

पण विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा विरोधक स्वतः कधीच मांडत नाहीत, म्हणून मीच मांडतो. हे जंगल आज उभं आहे ते लोक आत गेले म्हणून नव्हे, लोकांना आत जाऊ दिलं नाही म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुंबई विहिरी आणि टाक्यांवर जगत होती, उन्हाळ्यात तहानेने कासावीस व्हायची. १८६० साली मिठी नदी अडवून विहार तलाव झाला आणि नळाचं पाणी पहिल्यांदा शहरात आलं. १८७९ साली तुळशी झाला. तलावात उतरणारं पाणी स्वच्छ हवं, तर भोवतीच्या डोंगरउतारावर वस्ती नको, शेती नको, गुरंही नकोत. म्हणून पाणलोटाचा सगळा भाग राखून ठेवला गेला. पुढे साष्टीचं बेट चहूबाजूंनी भरत गेलं, खाड्या बुजल्या, खाजणं गेली, गावठाणांच्या चाळी आणि चाळींचे टॉवर झाले, आणि हा तुकडा तेवढा राहिला. तेव्हा कुणी म्हणालं की दार बंद ठेवलं म्हणूनच हे टिकलं, तर इतिहास त्याच्या बाजूने आहे.

इतिहास त्याच्या बाजूने आहे, पण अर्धाच. दार बंद होतं हे खरं. ते बंद ठेवायला शहर तयार का झालं? इतकी मोक्याची जमीन, लोकलच्या दोन रुळांच्या मधोमध, शंभर-दीडशे वर्षं कुणी का गिळली नाही? शहराला तहान होती म्हणून. आपल्या घशाशी बांधलेल्या जंगलावर कुऱ्हाड चालवायला कुणी सहजासहजी धजत नाही. आता ती गाठ सुटली आहे. १८९२ साली तानशाचं पाणी आलं, पुढे वैतरणा आली, भातसा आली. आज महापालिका शहराला रोज जे पाणी पुरवते त्यात विहार आणि तुळशी या दोघांचा मिळून वाटा शंभर लिटरमागे जेमतेम तीन लिटर आहे. तुळशी भरून वाहिला की वर्तमानपत्रात फोटो छापून येतो, आपण तो प्रेमाने पाहतो, पण उद्या तो आटला तर बहुतेक मुंबईकरांच्या बादलीत फरक पडणार नाही. ज्या गरजेने हे जंगल राखलं ती गरज शंभर किलोमीटर लांब, शहापूर-मोखाड्याच्या डोंगरांत गेली आहे. मग या जंगलाचं आणि या शहराचं आता काय लागतं? हवा? ती हरेकाला हवी असते, पण तिच्यासाठी सहीसुद्धा कुणी करत नाही. खरं नातं उरलं आहे ते पायांचं. ज्याने इथे पहिल्यांदा मोराचं पीस पाहिलं, ज्याला बापाने खांद्यावर घेऊन आतली कान्हेरीची लेणी चढवली, ज्याचं लग्न ठरण्याआधीच्या गप्पा तळ्याकाठी झाल्या, तो माणूस उद्या या जंगलाबद्दल काही वाईट ऐकलं की निदान मान वर करून बघेल. तिकीट पाचशे करणारे नेमकी ही माणसं कापायला निघाले आहेत.

इथे ताडोबाचं नाव हमखास निघतं. तिथे जिप्सीला हजारो रुपये मोजावे लागतात, गाड्यांची संख्या ठरलेली आहे, आणि जंगल बघा कसं राखलंय! मान्य. ताडोबात ही व्यवस्था चालते आणि भोवतालच्या गावांतल्या गाइड-ड्रायव्हरांच्या हाताला कामही मिळतं. पण ताडोबाला माणूस ठरवून जातो, सुट्टी काढून, वर्षा-दोन वर्षांतून एकदा, वाघ बघायला. बोरिवलीचं जंगल स्टेशनवरून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्याच्या कुंपणाला मुलुंड, भांडुप, गोरेगाव, मालाड, कांदिवली, दहिसर, ठाणे टेकलेले आहेत. तिथला माणूस तिकीट काढो न काढो, तो रोज जंगलाच्या संपर्कात आहेच: त्याच्या कचऱ्याने, त्याच्या कुत्र्यांनी, त्याच्या गटाराने. ताडोबात तिकीट महाग करून माणूस दूर ठेवता येतो. इथे तिकीट महाग केलं तर माणूस तिथेच राहतो, फक्त जंगलाला पाठ करून राहतो.

शिवाय पैसा माणसाच्या खिशाची निवड करतो, वागणुकीची नाही. मी पाहिलेला आतापर्यंतचा सर्वांत मोठा उच्छाद लग्नाआधीच्या फोटोशूटचा होता: तीन गाड्या, कपडे बदलायला तंबू, रंगीत धुराच्या कांड्या. पाचशे काय, पाच हजार तिकीट असतं तरी ती मंडळी आली असती आणि पैसे भरले म्हणून दुप्पट हक्काने वागली असती. त्याच दिवशी थोडं पुढे गोवंडीहून दोन गाड्या बदलून आलेलं एक कुटुंब चटईवर बसलं होतं. स्टीलचे डबे, कपड्यात गुंडाळलेल्या चपात्या, पाण्याची घरची कळशी. उठताना त्यांच्या मागे चटईची ओल तेवढी राहिली. हा काही अभ्यास नाही, एका दिवसाचं पाहणं आहे, आणि गरीब माणूस कचरा करत नाही असला भाबडेपणा मला करायचा नाही. पाच रुपयांच्या गुटख्याच्या पुड्याही मी उचलल्या आहेत. मुद्दा एवढाच की कचऱ्याचा भाव तिकिटाच्या भावाशी बांधलेला नाही. कचरा अडवायचा तर कचराच अडवा. वेष्टनातली प्रत्येक वस्तू गेटवर मोजून घ्या, अनामत घ्या, परतताना वस्तू दाखवली की पैसे परत करा. त्याला वेळ लागतो, माणसं लागतात, रांग वाढते. वाढू दे की. जंगलात जायची घाई कुणाला?

आता जरा हेही पाहू की जंगलाचा लचका खरोखर कोण तोडतं. रविवारची गर्दी मुख्य गेटपासून थोड्याशा भागात फिरते: बाग, तळं, सफारीचा पिंजरा, फार तर कान्हेरीपर्यंतचा सहा किलोमीटरचा रस्ता. जंगलाचा मोठा भाग तिने पाहिलेलाही नाही. तो भाग कुरतडला जातो तो कडेकडेने, आणि तिथे जाहिरात असते ‘फॉरेस्ट व्ह्यू’ची. याच जाहिरातीवर घेतलेल्या बाराव्या मजल्याच्या बाल्कनीत उभं राहून खालच्या रांगेला नाकं मुरडणारे लोक मला फार मौजेचे वाटतात. त्यांच्या इमारतीच्या मागे कचरा साठतो, कचऱ्यावर कुत्री पोसली जातात, कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो, आणि मग ‘बिबट्याला पकडून लांब सोडा’ अशी मागणी होते. हे लांब सोडणं आपण करून पाहिलं आहे. जुन्नरकडे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या कामाने दाखवून दिलं की पकडून दुसरीकडे सोडलेले बिबटे जिथे सोडले तिथे माणसांवरचे हल्ले वाढतात. बोरिवलीच्या जंगलाभोवती २००४ च्या जूनमध्ये हल्ल्यांनी कळस गाठला, ते दिवस इथल्या जुन्या रहिवाशांना आठवत असतील. पुढे परिस्थिती निवळली त्यामागे पिंजरे लावणाऱ्यांपेक्षा माणसांशी बोलणाऱ्यांचा हात मोठा होता. २०११ पासून वनखातं, अभ्यासक आणि साधे नागरिक यांनी मिळून वस्त्या-वस्त्यांत जाऊन सांगितलं: कचरा उचला, अंधारात पोरांना एकटं पाठवू नका, बिबट्या दिसला म्हणजे तो हल्लाच करतो असं नाही. हे सगळं ऐकून घ्यायला मुळात जंगलाबद्दल थोडी आपुलकी असावी लागते. ती कुंपणाच्या बाहेरून कशी यावी?

आरेचं उदाहरण ताजं आहे. ती जागा नॅशनल पार्कच्या हद्दीत नाही, पण जंगलाला सलगच आहे. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये एका रात्रीत आणि दुसऱ्या दिवशी मिळून मेट्रोच्या कारशेडसाठी २,१४१ झाडं तोडली गेली. कारशेड तिथे हवी होती की नव्हती यावर माझे काही मित्र अजून माझ्याशी भांडतात आणि मेट्रो मलाही हवीच होती, ते असो. माझा प्रश्न वेगळा आहे. त्या रात्री कुऱ्हाडी चालल्याचं कळताच धावत गेलेली माणसं कोण होती? आरेतल्या पाड्यांवरचे आदिवासी होते, तिथे रोज सायकल मारायला, पक्षी बघायला, नुसतं चालायला जाणारी तरुण मुलं होती. २९ जण अटकेत गेले, त्यात विद्यार्थी होते. ज्या जागेवर कुणाचे पाय पडत नाहीत तिच्यासाठी कुणी रात्री दोन वाजता घराबाहेर पडत नाही.

हे काही मुंबईचंच वैशिष्ट्य नाही. लंडनच्या पूर्वेला एपिंगचं जंगल आहे. १८६० च्या दशकात तिथले जमीनदार कुंपणं घालून ते गिळत होते. लाउटन गावचा थॉमस विलिंगेल नावाचा एक साधा मजूर हिवाळ्यात सरपणासाठी फांद्या छाटण्याच्या गावाच्या जुन्या हक्कावर अडून बसला. त्याच्या घरातल्यांना तुरुंगवास झाला. प्रकरण पेटलं, लंडनच्या महापालिकेने बाजू घेतली. लंडनच्या पूर्व भागातली गरीब माणसं सुट्टीच्या दिवशी आगगाडीने हजारोंनी या जंगलात येत, आणि त्यांच्या दंग्याबद्दल भली माणसं तेव्हाही कुरकुरत असत. पण मतदाराला जे आवडतं ते पार्लमेंटलाही ऐकावं लागलं. १८७८ साली कायदा झाला. कुंपणं बेकायदा ठरली, फांद्या छाटण्याचा हक्क भरपाई देऊन संपवला गेला, आणि जंगल लोकांच्या विरंगुळ्यासाठी कायमचं मोकळं झालं. कुणी यायचं यावर बंधन नाही, आल्यावर काय करायचं यावर आहे. दीडशे वर्षं होत आली, जंगल शाबूत आहे.

साल लक्षात ठेवा, १८७८. त्याच वर्षी त्याच सरकारच्या अमलाखाली हिंदुस्थानात वनकायदा झाला. राणीच्या राजधानीलगतचं जंगल लोकांना मोकळं झालं आणि आपल्या गावाशेजारचं रान ‘राखीव’ होऊन लोकांना बंद झालं. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्येच या खात्यावर कोरडे ओढले होते: शेतकऱ्याच्या शेरडा-करडांना रानातला वारा खाण्यापुरतीही जागा या लोकांनी ठेवली नाही, अशा अर्थाचे त्यांचे शब्द आहेत. पुढे १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाच्या मागोमाग महाराष्ट्रात जंगल सत्याग्रह पेटले. उरणजवळच्या चिरनेरला २५ सप्टेंबरला अक्कादेवीच्या रानात गोळीबार होऊन माणसं मेली. माणूस हाच जंगलाचा शत्रू, ही समजूत निसर्गप्रेमातून आली असं आपण धरून चालतो. तिच्या मुळाशी सागवान मोजणारं एक सरकारी खातं होतं.

‘पण ते सरपण तोडणारे गावकरी होते, हे पिकनिकवाले आहेत,’ असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. सरपणाची गरज आणि सेल्फीची हौस एका तराजूत घालता येत नाही. पण नुसती हौस घेऊन येणाऱ्यांचीही या डोंगरात जुनी परंपरा आहे. कान्हेरीच्या शंभराहून अधिक लेण्यांत भिक्षू राहत, पावसाळ्याचे महिने तर मुक्कामच असे. आणि त्यांना पोसायला कल्याण, सोपाऱ्याचे व्यापारी या जंगलात ये-जा करत. कुणी लेणं खोदून दिलं, कुणी बसायचा ओटा, तर कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, दिलं. लेण्यांसमोरची ती टाकी आजही पावसात भरतात. डोंगरउतारावरून खोदलेल्या पन्हळींतून पाणी कसं आणलं आहे ते बघायला एखादा इंजिनियर मित्र बरोबर न्यावा. तपश्चर्येची जागा होती, तरी ती शहरापासून तोडलेली नव्हती. माझी सर्वांत आवडती गोष्ट मात्र नव्वद क्रमांकाच्या लेण्यात आहे. तिथे भिंतीवर पहलवी लिपीत पारशी लोकांची नावं कोरलेली आहेत, १००९ आणि १०२१ सालची. ते काही दान द्यायला आलेले नव्हते. लेणी पाहायला आले, पाहिली, आणि ‘आम्ही येऊन गेलो’ म्हणून नावं कोरून गेले. आज आपण तेच करणाऱ्या पोराला पकडून दंड करतो, आणि केलाच पाहिजे. पण त्या हजार वर्षांपूर्वीच्या सहलीचा लेख इतिहासकार जपून वाचतात. नावं कोरायला सोडा असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो की या डोंगराला पाहुण्यांची सवय आपल्याला वाटते त्यापेक्षा फार जुनी आहे.

पाहुण्यांवरून घरच्यांची आठवण येते. जंगलात नवापाडा, चुनापाडा असे पाडे आहेत. वारली, महादेव कोळी, कोकणा कुटुंबं पिढ्यान्पिढ्या राहत आली आहेत. वाघोबाला नवस बोलणारी, वाघबारसेला त्याची पूजा करणारी माणसं. १९९७ मध्ये उच्च न्यायालयाने अतिक्रमणं हटवण्याचा आदेश दिल्यावर हजारो झोपड्या उठल्या. जंगल वाचवायला त्यातलं काही करणं भाग होतं, हे मी नाकारत नाही. पण कालपरवा झोपडी टाकलेला आणि आजोबांच्या आजोबांपासून इथे राहणारा यांना एकाच यादीत टाकण्याचा आंधळेपणाही त्यात होता. आजही आपली भाषा बघा. इथे रोज राहतो तो अतिक्रमण करणारा, रविवारी येतो तो उपद्रवी, आणि बाल्कनीतून बघतो तो पर्यावरणप्रेमी. काकडीला मीठ-तिखट लावून विकणाऱ्या, पावसाळ्यात कर्टुल्यांचे वाटे मांडून बसणाऱ्या पाड्यावरच्या मावशीचं पोट त्या रविवारच्या रांगेवर चालतं. तिकीट पाचशे झालं की तिचा धंदा संपला. फूड कोर्ट आलं तरी संपला. या वादात दोन्ही गटांचं एकमत होतं ते फक्त इथे, आणि तेही नकळत.

दुसऱ्या गटालाही सोडायचं कारण नाही. आत आणखी खेळ आणा, आणखी गाड्या सोडा, असं म्हणणाऱ्यांना जंगल नको आहे, त्यांना बाग हवी आहे. त्यासाठी मुंबईत दुसऱ्या जागा आहेत आणि आणखी व्हायला हव्यात. माहीमजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान ३७ एकरांचं आहे आणि ते चक्क कचऱ्याच्या डेपोवर उभं राहिलं आहे; धारावीच्या तोंडावर, १९९४ पासून लोकांसाठी खुलं. अशा आणखी चार जागा शहरात असत्या तर रविवारी सगळ्यांना बोरिवलीच गाठावी लागली नसती. गर्दीचं मूळ तिथे आहे: मोकळी जागाच नाही, म्हणून माणूस जंगलात येऊन बाग शोधतो. आणि सफारीबद्दल म्हणाल तर मला ती कधीच पटलेली नाही. बसच्या जाळीतून दिसणारा तो कंटाळलेला सिंह या जंगलाचा कधीच नव्हता. पोरं खूश होतात, माझीही झाली होती, पण घरी परतताना त्यांच्या डोक्यात जंगल म्हणजे सिंह एवढंच राहतं. वाटेवर दिसलेलं कोळ्याचं जाळं, अंगावर चालून गेलेली लाल मुंगी, कौशीचा शेंदरी फुलोरा यांची जागा रिकामीच.

मग करायचं काय? आपल्याकडे याचं उत्तर आधीपासून आहे, फक्त ते वनखात्याच्या भाषेत लिहिलेलं नाही. कोकणात, मावळात, घाटमाथ्यावर देवराया टिकल्या त्या कुंपणाने नव्हे. त्यांत माणूस जातो. चपला काढून जातो, कुऱ्हाड घेऊन जात नाही, पडलेली काटकीही उचलत नाही, जत्रेच्या दिवशी तर अख्खा गाव जातो. देवळाचंही तसंच असतं. सभामंडपात गोंगाट चालतो, भजन चालतं, पोरं पळतात, म्हातारी माणसं पाय पसरून बसतात. गाभाऱ्यात मात्र एकेकाने, हळू, वाकून. पार्कचा पुढचा भाग हा सभामंडप समजा. तो स्वस्त ठेवा, तिथे भरपूर संडास बांधा, पाण्याचे नळ लावा (नळ नसले की बाटल्या येतात), बसायला सावली करा, गर्दी होऊ द्या. आतला रस्ता खासगी गाड्यांना पूर्ण बंद. बस म्हाताऱ्यांना, लेकुरवाळ्यांना आणि ज्यांना चालता येत नाही त्यांना. बाकीच्यांनी चालावं. सहा किलोमीटर चालून कान्हेरी गाठणाऱ्याचा स्पीकर दुसऱ्या किलोमीटरला आपोआप जड होतो. त्यापलीकडे, शिलोंड्याच्या वाटेसारख्या आतल्या भागात, दिवसाला मोजकी माणसं, पाड्यावरचा वाटाड्या बरोबर, आणि काही महिने सगळ्यांनाच बंद. तिथे नंबर लागावा तो आधी नाव घातलं त्याचा, जास्त पैसे दिले त्याचा नाही. सरकारी शाळांच्या मुलांसाठी काही दिवस राखून ठेवावेत, फुकट.

गाभारा हा शब्द मी जरा भीतभीतच वापरला आहे. गाभाऱ्याच्या नावाखाली माणसं बाहेर ठेवण्याचा आपला इतिहास काही फार जुना नाही. पंढरपुरात विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषणाला बसावं लागलं होतं. तेव्हाही पावित्र्याचीच भाषा होती: ही माणसं आत आली तर जागा बिघडेल. म्हणून नियम ‘कसं यायचं’ याचाच असावा. तो ‘कुणी यायचं’ याचा झाला, मग तो जातीने होवो की पाचशेच्या नोटेने, की आपण त्याच जुन्या दारात उभे.

दहिसर नदी तुळशीच्या सांडव्यातून निघते, पार्कमधून खळखळत येते, गेटबाहेर पडते आणि तबेल्यांच्या शेणाने, गटारांनी काळी होत खाडीला मिळते. गेल्या पावसाळ्यात आतल्या पुलावर एक सात-आठ वर्षांची मुलगी बापाला विचारत होती, ‘पप्पा, ही नदी कुठे जाते?’ त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, ‘आपल्या मागच्या नाल्यात.’ पोरीचा विश्वास बसला नाही. ‘नाला काळाय,’ ती म्हणाली. बाप काही बोलला नाही. पुलाच्या कठड्यावर हात ठेवून पाण्याकडे बघत राहिला. त्या दिवशी त्या दोघांना गेटवर अडवलं असतं तर नदी थोडी स्वच्छ राहिली असती, असं मला तरी वाटत नाही.

आता माझा हिशेब. पैसे कुठून तरी यावे लागतात हे खरंच आहे. संडास, नळ, वाटाडे, गेटवर पिशव्या मोजणारी माणसं, काहीच फुकट होत नाही. रविवारचं तिकीट वाढवू नका, पण आमचे पास वाढवा. आम्ही रोज येतो, जंगलाची सकाळची हवा आमच्या वाट्याला सर्वांत जास्त येते, गेटजवळच्या आमच्या घरांच्या किमती याच झाडांनी चढवल्या आहेत, आणि गर्दीबद्दल कटकट करणाऱ्यांत आम्हीच पुढे. माझा पास दुप्पट करा, तिप्पट करा. मी दोन दिवस ग्रुपवर बोंब मारीन, एखादा अर्जही लिहीन. मग मंगळवारी पहाटे, सोमवारची सुट्टी संपल्यावर, निमूटपणे पैसे भरून आत जाईन.